सर, मधूनच जातं

पूर्ण बंद पडलेलं काम मला आवडतं. सर्व्हर उठत नाही, स्विचचे सगळे दिवे गेलेत, सकाळपासून एकही बिल निघालेलं नाही, असा फोन आला की पार्टी घाबरलेली असते आणि मी निवांत असतो. दोष जागेवर बसलेला असतो, मी पोचेपर्यंत तो कुठे जात नाही. मला धडकी भरते ती दुसऱ्या फोनाने. "सर, चालतंय तसं, पण मधूनच जातं." आपण धावतपळत जावं तर सगळं व्यवस्थित चालू. मग कोणीतरी हसत म्हणतं, "तुम्ही आलात की बरं चालतं." त्या हसण्यात थोडा संशय असतो, आणि तो कॉम्प्युटरवर नसतो.

जोगेश्वरी पश्चिमेला एस. व्ही. रोडवरून आत वळल्यावर लागणाऱ्या एका जुन्या इंडस्ट्रियल इस्टेटमधून मला एका पावसाळ्यात असा फोन आला. तिथे गाळ्याला लागून गाळा. खाली लेथ आणि पावडर कोटिंग, वर पॅकिंगवाले, एक डबिंगचा स्टुडिओ आणि मधेच एखादं ऑफिस. हे ऑफिस हॉटेलांच्या किचनला लागणारं सामान पुरवणाऱ्यांचं होतं. आठ कॉम्प्युटर, एक प्रिंटर, कॅमेऱ्यांचा डीव्हीआर आणि कोपऱ्यातल्या लोखंडी कपाटात सर्व्हर. सर्व्हर म्हणायचं एवढंच, होता तो विंडोज १० प्रो टाकलेला साधा डेस्कटॉप. मुंबईतल्या निम्म्या छोट्या ऑफिसांत असाच सर्व्हर असतो. त्याला मॉनिटर नव्हता, कारण तो डिस्पॅचच्या मुलाला दिला होता. टॅलीचा सगळा डेटा या कपाटातल्या डब्यात, आणि बाकीचे सगळे तिथून काम करायचे.

तक्रार अशी : दिवसातून एखाददुसऱ्या वेळी टॅली अचानक बाहेर फेकते. सर्व्हरचं फोल्डर दिसेनासं होतं. पाच-दहा मिनिटांनी आपलं आपण परत येतं. कधी एकाचं मशीन जातं, कधी दोघातिघांचं, सगळ्यांचं एकदम क्वचितच. बिल करता करता गेलं तर एंट्री अर्धवट राहते, आणि डेटा बिघडला तर सगळ्यांना बाहेर काढून रीराइट करत बसावं लागतं. जीएसटीच्या दिवसांत, म्हणजे ११ आणि २० तारखेच्या आसपास, अकाउंट्स बघणाऱ्या ताईंचा आवाज फोनवरही चढलेला असायचा.

कारणं मात्र प्रत्येकाकडे तयार होती. शेठचं म्हणणं, पावसाने वायर भिजली. डिस्पॅचच्या मुलाचं म्हणणं, खालचा लेथ चालू झाला की जातं. शिपाईकाकांच्या मते नवा राउटर बसवल्यापासून ऑफिसला नजर लागली. ताई वैतागून म्हणाल्या, "टॅलीवाले सांगतात नेटवर्क बघा, नेटवर्कवाले सांगतात टॅली बघा. मी कोणाकडे बघू?"

मी हा धंदा लॅमिंग्टन रोडवर शिकलो. रस्त्याचं खरं नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, पण त्या नावाने तिथे कोणी रॅमसुद्धा विकत घेतली नसेल. तेव्हा अजून कोएक्सची नेटवर्कं होती. एकच काळी वायर सगळ्या मशीनांच्या पाठून फिरायची, प्रत्येकामागे टी कनेक्टर, दोन्ही टोकांना ५० ओहमचा टर्मिनेटर. एक टी सैल झाला की आख्खी रांग झोपायची. उस्तादांनी शिकवलेला उपाय म्हणजे अर्धं करणं. रांग मधोमध तोडा, तिथे टर्मिनेटर लावा, कुठला अर्धा भाग उठतो ते बघा. जो उठत नाही त्याचे पुन्हा दोन भाग करा. तीस मशीनं असली तरी चार-पाच वेळा तोडलं की दोष हातात. या एका युक्तीवर मी कितीतरी वर्षं पोट भरलं.

मधूनच जाणाऱ्या दोषापुढे हीच युक्ती लुळी पडते. अर्धा भाग बाजूला काढला आणि तास-दोन तास सगळं नीट चाललं, तर त्याचा अर्थ काय घ्यायचा? दोष त्या काढलेल्या भागात होता म्हणून थांबला, की त्याची यायची वेळ झाली नव्हती म्हणून? दोन्ही शक्यता सारख्याच. आपण काहीही केलं तरी पुढचा काही वेळ ते चालणारच असतं, आणि तेवढ्या वेळात आपण केलेल्या शेवटच्या गोष्टीला श्रेय मिळून जातं. आमच्या धंद्यातल्या बऱ्याच समजुती अशाच जन्मल्या असाव्यात. राउटर बंद करून दहापर्यंत मोजायचे, वायर काढून फुंकर मारायची, वगैरे.

तरी जे उघड बघण्यासारखं होतं ते बघितलं. कोणी पंधरा मिनिटं काही केलं नाही तर विंडोज फाइल शेअरिंगचं सेशन आपणहून बंद करतं, ते थांबवलं. वीज वाचवायला नेटवर्क कार्ड झोपवायची एक सेटिंग असते, तिची खूण काढली. विंडोज १० प्रो एका वेळी वीसच जणांना जोडू देतं, पण इथे आठच होते, त्यामुळे तो प्रश्न नव्हता.

मग केबल. सर्व्हरपासून स्विचपर्यंतची वायर खिडकीतून बाहेर पडून, पत्र्याखालून, विजेच्या वायरच्या गळ्यात गळा घालून परत आत आली होती. कापून बघितली तर आतली तार तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची. स्वस्तात मिळते, दोनदा वाकवली की तुटते. आरजे ४५ च्या पिनांवर हिरवट थर चढलेला. जोगेश्वरीला समुद्र दिसत नसला तरी हवेतून पोचतोच. केबलच्या चारही जोड्या धड असतील तरच गिगाबिट चालतं. इथे स्विच कधीच १०० वर उतरून बसला होता आणि कोणाच्या ते गावीही नव्हतं. ३०५ मीटरच्या पेटीतून चांगली तांब्याची वायर काढून आतून, विजेच्या लाइनपासून लांबून नवीन ओढली, दोन्ही टोकं क्रिम्प केली, टेस्टर लावला. फाइल उघडायचा वेग सगळ्यांना जाणवेल इतका वाढला. शेठ खूश. दोनच दिवसांत गणपती आले, ऑफिस अर्धं रिकामं झालं. गौरी-गणपती झाले, अनंत चतुर्दशी झाली, आणि त्या सगळ्या काळात एकदाही कनेक्शन तुटलं नाही. केबलच होती म्हणून सगळ्यांनी निकाल दिला.

सप्टेंबरच्या २० तारखेच्या आधी ताईंचा फोन आला. "सर, परत मधूनच जातंय."

माझ्या अनुभवात हा फोन सगळ्यात उपयोगी असतो, पण तो येतो तेव्हा तसं अजिबात वाटत नाही. केबल वाईट होती यात शंका नव्हती आणि ती बदलायलाच हवी होती. पण ज्या दोषासाठी मला बोलावलं होतं त्याचा तिच्याशी संबंध नव्हता. मग मधले दिवस शांत का गेले? त्या दिवसांत ऑफिसात काय नव्हतं? प्रश्न असा उलटा धरल्यावर मी सामान पिशवीत ठेवलं आणि दोन गोष्टी मागून घेतल्या, एक वही आणि थोडी सवड.

वही ताईंकडे दिली. तीन रकाने : किती वाजता गेलं, कोणाचं गेलं, आणि तेव्हा ऑफिसात काय चालू होतं. तिसऱ्या रकान्यावर त्या हसल्या. "काय चालू होतं म्हणजे काय लिहू?" म्हटलं, काहीही. कोणी आलं, एसी लावला, खालचा लेथ सुरू झाला, भांडण झालं, काहीही. तक्रार करणाऱ्या माणसाला आम्ही लोक फार लवकर गप्प करतो. त्याला आयपी कळत नाही म्हणून त्याने पाहिलेलंही आपल्याला चालत नाही. वास्तविक दोष घडला तेव्हा तिथे तो हजर होता, मी नव्हतो.

दुसरी गोष्ट ताईंच्या मशीनवर ठेवली. सर्व्हरला सतत पिंग करणारी आणि प्रत्येक उत्तरापुढे वेळ टाकून फाइलीत लिहिणारी छोटी बॅच फाइल. पिंग हा प्रोग्राम अमेरिकी लष्कराच्या एका प्रयोगशाळेत काम करणाऱ्या माइक म्यूस यांनी डिसेंबर १९८३ मध्ये लिहिला. पाणबुडी शोधणाऱ्या सोनारच्या आवाजावरून त्याचं नाव ठेवलं. तू आहेस का, असं विचारायचं आणि आहे म्हणून उत्तर आलं की किती वेळात आलं ते मोजायचं, एवढंच त्याचं काम. चाळीसेक वर्षांत त्याच्यापेक्षा कामाचं हत्यार मला मिळालेलं नाही.

काही दिवसांनी दोन्ही समोर घेऊन बसलो. आधी चक्रावलो. वहीतल्या वेळा आणि फाइलीतल्या वेळा लावून बघितल्या तर टॅलीने फेकलं त्या मिनिटाला सर्व्हर पिंगला उत्तर देत होता! 'रिक्वेस्ट टाइम्ड आउट'च्या मोजक्या ओळी होत्या, त्याही घोळ संपता संपता. घोळ चालू असताना उत्तर न चुकता येत होतं. इथे पुष्कळ जण फाइल मिटतात आणि टॅलीवाल्याचा नंबर देतात, कारण उत्तर आलं म्हणजे नेटवर्क ठीक, असा रिवाज आहे.

पण उत्तराच्या ओळीला शेपूट असतं. एरवी ओळ संपत होती ती एक मिलिसेकंदाहून कमी वेळ आणि टीटीएल १२८ वर. घोळाच्या मिनिटांत वेळ कधी १२, कधी ९०, कधी १३० मिलिसेकंद, आणि टीटीएल ६४. टीटीएल म्हणजे पॅकेट निघतानाच त्याच्यावर लिहिलेला आकडा. वाटेतला प्रत्येक राउटर त्यातला एक कमी करतो, म्हणजे वाट चुकलेलं पॅकेट कायमचं भटकत राहत नाही. विंडोज १२८ लिहून पाठवतं. लिनक्स, अँड्रॉइड, आयफोन ६४ लिहितात. एकाच ऑफिसात मधे राउटर नसतो, आकडा कमी व्हायचं कारणच नाही. मग १२८ चे ६४ होतीलच कसे? उत्तर देणारा तो नव्हताच. सर्व्हर गप्प नव्हता आणि मेलेलाही नव्हता. त्याच्या नावाने दुसरंच कोणीतरी बोलत होतं, आणि मिलिसेकंदांची ती उडी सांगत होती की ते वायरवर नाही, वायफायवर आहे.

हे का होऊ शकतं ते समजायला एआरपी बघावं लागतं. डेव्हिड प्लमर यांनी नोव्हेंबर १९८२ मध्ये मांडलेला हा नियम आजही प्रत्येक ऑफिसात दर मिनिटाला वापरला जातो. कॉम्प्युटरला आयपी पत्ता माहीत असतो, पण वायरवरून पॅकेट पोचवायला समोरच्या कार्डाचा मॅक नंबर लागतो. तो मिळवायला तो सगळ्यांना ओरडून विचारतो, की १९२.१६८.१.१० कोण? चाळीत पोस्टमनने चौकात उभं राहून "कदम कोण?" विचारावं आणि जो गॅलरीत येईल त्याच्या हातात पाकीट द्यावं, तसा हा कारभार. ओळखपत्र कोणी मागत नाही. दोघांनी 'मी' म्हटलं तर ज्याचा आवाज शेवटी कानावर पडला तो कदम. म्हणून कधी ताईंचं मशीन जायचं आणि कधी डिस्पॅचच्या मुलाचं. ज्याच्याकडे खोट्या कदमाची नोंद झाली, त्याची टॅली तुटली. थोड्या वेळाने नोंद शिळी होऊन पुन्हा विचारणा झाली, खऱ्याने उत्तर दिलं, की आपोआप चालू.

मग सर्व्हरला उसना मॉनिटर लावून इव्हेंट व्ह्यूअर उघडला. ४१९९ क्रमांकाच्या नोंदी तिथे पडलेल्या होत्या, हा आयपी दुसरंही कोणी वापरतंय म्हणून. विंडोजच्या लॉगमध्ये रोज इतकं लाल-पिवळं पडत असतं की काय शोधायचं ते आधी ठाऊक असेल तरच सापडतं.

नोंदीत त्या दुसऱ्याचा मॅक नंबरही होता. पूर्वी असता तर काम तिथेच संपलं असतं, कारण मॅकच्या पहिल्या भागावरून बनवणारी कंपनी कळते. पण अँड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासून, म्हणजे २०१९-२० नंतर, फोन प्रत्येक वायफायवर मनाने बनवलेला मॅक सांगतात. दुकानादुकानातून आपला माग काढता येऊ नये म्हणून केलेली ही सोय आहे, आणि चांगली आहे. असा नंबर ओळखू येतो : त्याचं दुसरं अक्षर २, ६, ए किंवा ई असतं. इथे ए होतं. म्हणजे बहुधा कोणाचातरी फोन. कोणाचा, ते मशीन सांगणार नव्हतं.

ते ताईंच्या तिसऱ्या रकान्याने सांगितलं. त्यांनी प्रामाणिकपणे लिहिलं होतं : सकाळचा चहा. पार्टी आली होती, चहा मागवला. चारचा चहा. लेथ चालू, चहा. शनिवार, काही नाही. शनिवारी अर्धा दिवस, चहा नसायचा.

कोपऱ्यावरच्या टपरीवरून एक पोरगा कटिंगचे ग्लास घेऊन दोनदा यायचा, पाहुणे आले तर तिसऱ्यांदा. पूर्वी चहाचं खातं महिन्याला मिटायचं. नंतर सगळंच क्यूआरवर आलं. गाळ्याच्या जाड भिंतींत मोबाइलची रेंज मिळत नाही, आणि पैसे आले की नाही ते फोनवर दिसल्याशिवाय पोरगा हलायचा नाही. शिपाईकाकांनी कधीतरी त्याला वायफायचा पासवर्ड देऊन टाकला. त्यात वावगं काय होतं? गणपतीत पोरगा गावी गेला, कोकणात. तेवढे दिवस टपरीचा मालक स्वतः चहा आणायचा, आणि त्याचा फोन आमच्या वायफायवर नव्हता. माझ्या नव्या केबलला मिळालेलं श्रेय खरं तर त्या पोराच्या रजेचं होतं.

एवढं जुळलं तरी मी ते सापडलं म्हणत नाही. गणपतीत केबलही जुळलीच होती की. माझ्या लेखी दोष सापडला असं म्हणायचं ते तो आपल्या हुकमावर आला आणि आपल्या हुकमावर गेला तरच. म्हणून चहाची वेळ नसताना चहा मागवला. पिंगची खिडकी सगळ्यांना दिसेल अशी मोठी करून ठेवली. पोरगा दारात आला, ट्रे टेबलावर टेकला, आणि ओळीच्या शेवटचे १२८ जाऊन ६४ आले. त्याला वायफाय बंद करायला सांगितलं, थोड्या वेळात १२८ परत. चालू, ६४. बंद, १२८. तिसऱ्या खेपेला ताईंच्या टॅलीने मान टाकली. एवढी माणसं आपल्या फोनकडे बघताहेत म्हटल्यावर पोरगा रडकुंडीला आला. "दादा, मी काय नाय केलं."

"तू काही केलं नाहीस रे. तुला ज्याने नंबर दिला त्याने घोळ केलाय."

शेठना ते पटेना. त्यांच्या मते फोनमध्ये व्हायरस होता आणि पोराला आत येऊ द्यायलाच नको होतं. मी राउटर उघडून दाखवला. जुना राउटर येणाऱ्या-जाणाऱ्याला १०० ते १९९ मधले पत्ते वाटायचा. ज्याने कोणी पहिल्यांदा सर्व्हर बसवला, त्याने म्हणूनच त्याला १० क्रमांक हाताने टाकून दिला होता, वाटपाच्या बाहेरचा. चांगलं काम होतं, पण कुठे लिहून ठेवलेलं नव्हतं. नवा राउटर बसवणाऱ्याने डबा लावला, नेट चालू करून दाखवलं आणि गेला. त्या डब्याची वाटप २ पासून २५४ पर्यंत. काही राउटर पत्ता देण्याआधी तो कोणी वापरतंय का ते तपासतात, हा तपासत नव्हता. वाटता वाटता १० क्रमांकाची पाळी आली तेव्हा समोर चहावाल्याचा फोन होता. एकदा दिलेला पत्ता राउटर लक्षात ठेवतो, त्यामुळे दर खेपेला त्याच फोनला तोच. आठवड्याभरात आलेल्या कुठल्याही कुरिअरवाल्याला तो मिळाला असता तर दोष पुन्हा दिसलाच नसता आणि मी आजवर केबलच होती म्हणून सांगत फिरलो असतो. शिपाईकाकांनी राउटरचं नाव पहिल्याच दिवशी घेतलं होतं, ते मी शेठना मुद्दाम ऐकवलं. काका चहाचे ग्लास गोळा करत होते, त्यांनी मान वर केली नाही.

दुरुस्ती म्हणजे राउटरच्या एका चौकटीत २ खोडून १०० लिहिणं. शिवाय पाहुण्यांसाठी वेगळं वायफाय काढलं. तिथून क्यूआरचं काम होतं, पण सर्व्हर दिसत नाही. पोराच्या फोनवर जुनं नेटवर्क विसरायला लावून नवं जोडून दिलं. कुठल्या डब्याला कुठला पत्ता ते ताईंच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून सर्व्हरच्याच कपाटात ठेवलं.

केबलचं बिल शेठनी एका शब्दात दिलं होतं. या वेळी त्यांनी चष्मा वर करून विचारलं, "पण तुम्ही बदललं काय?" म्हटलं, एक आकडा. त्यांनी बराच वेळ विचार केला आणि अर्ध्यावर सौदा केला. व्हाउचर टाकताना ताई अडल्या. रिपेअरिंगला टाकावं तर काही रिपेअर झालं नव्हतं, मटेरियल तर नव्हतंच. शेवटी त्यांनी ते स्टाफ वेल्फेअरला टाकलं. चहाचा खर्च त्यांच्याकडे त्याच खात्यात जातो.